शीव राखणारे गाव : सेल्कर्कविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात स्कॉटलंडच्या दक्षिण सीमाभागातील सेल्कर्क या गावाचा उल्लेख आला होता. सहा हजारांच्या आतबाहेर वस्तीचे हे गाव एट्रिक नदीच्या खोऱ्यावर, टेकडीच्या उतारावर वसले आहे, लोकरीच्या विणकामासाठी एके काळी नावाजलेले होते आणि दर जूनमध्ये आपल्या सामाईक जमिनीच्या शिवेवरून घोड्यांची फेरी काढते, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर सोलापुरातून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच देत आहोत. चादरीच्या आणि यात्रेच्या शहराला दूरच्या एका विणकर गावाविषयी कुतूहल वाटावे, हे स्वाभाविकच आहे.

प्रश्न : आमच्याकडे संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज निघतात आणि अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. आपण लिहिलेली घोड्यांची फेरी अशीच धार्मिक आहे का? तिच्यात नेमके काय होते आणि तिचा मान कोणाकडे असतो? (एक निवृत्त शिक्षिका, बाळीवेस)

उत्तर : आपला प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. सेल्कर्कची फेरी, जिला तेथे कॉमन रायडिंग म्हणतात, मुळात धार्मिक नाही. ती जमिनीच्या राखणीतून जन्मली आहे. मध्ययुगात स्कॉटलंडच्या राजांनी काही गावांना ‘रॉयल बर्ग’ असा दर्जा देऊन व्यापाराचे हक्क दिले आणि गावाभोवतीची जमीन नागरिकांच्या सामाईक वापरासाठी राखून दिली. तेथे गुरे चारावीत, जळणासाठी पीट (दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींची माती) कापावे, बांधकामाला दगड काढावा, असा तो हक्क होता. शेजारच्या जमीनदारांचा या जमिनीवर डोळा असे. शिवेचे दगड सरकवणे, कडेची पट्टी हळूच नांगरून घेणे हे प्रकार आपल्याकडील बांधाच्या भांडणांहून फारसे वेगळे नव्हते. म्हणून वर्षातून एकदा नागरिकांनी घोड्यांवर बसून सगळी शीव फिरायची आणि कोठे अतिक्रमण झाले आहे का ते डोळ्यांनी पाहायचे, असा रिवाज पडला. हे काम जिवावर बेतणारे होते. १५४१ मध्ये गावाचे प्रोव्होस्ट, म्हणजे आपल्या दृष्टीने नगराध्यक्ष, जॉन मुथॅग हे सामाईक जमिनीच्या हक्कासाठी एडिंबऱ्याला निघाले असता त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्याला वाटेतच ठार मारण्यात आले.

या राखणीला पुढे एका युद्धाची आठवण येऊन मिळाली. ९ सप्टेंबर १५१३ रोजी फ्लॉडनच्या रणांगणावर स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स इंग्लंडविरुद्ध लढताना मारला गेला. परंपरा सांगते की सेल्कर्कहून ऐंशी जण गेले होते आणि परतला तो फ्लेचर नावाचा एकटाच माणूस, हातात शत्रूकडून हिसकावलेला ध्वज घेऊन. चौकात जमलेल्या बायकामाणसांनी बाकीच्यांचे काय झाले असे विचारले, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने ध्वज खाली झुकवून विळ्याने गवत कापावे तसा फिरवला. ही कथा इतिहासाचा पुरावा म्हणून नव्हे, तर गावाने जपलेली आठवण म्हणून वाचावी, असे माझे मत आहे. मात्र त्या आठवणीची ताकद मोठी आहे. युद्धाला चारशे वर्षे झाली तेव्हा, १९१३ मध्ये, थॉमस क्लॅपर्टन या शिल्पकाराने घडवलेला फ्लेचरचा पुतळा गावात उभारण्यात आला.

जूनच्या दुसऱ्या सोमवारनंतर येणाऱ्या शुक्रवारी हा सोहळा होतो. पहाटे चारच्या सुमारास वाद्यांचा गजर गावाला उठवतो. त्या अक्षांशावर जूनमध्ये तेव्हा उजाडायला लागलेले असते. ध्वजाला फिती बांधल्या जातात, तो त्या वर्षाच्या ध्वजधारकाच्या हाती दिला जातो आणि त्याच्यामागे शेकडो स्वार एट्रिक नदी ओलांडून डोंगराकडे निघतात. थ्री ब्रेदरेन नावाच्या ४६४ मीटर उंचीच्या माथ्यावर दगडांच्या तीन मोठ्या राशी आहेत. सेल्कर्कची आणि यायर व फिलिपहॉ या शेजारच्या दोन जहागिरींची जमीन तेथे एकमेकींना भिडते. तेथून स्वार गावात परततात आणि बाजारचौकातला, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, भाग सुरू होतो. गावाचा ध्वजधारक आणि त्याच्यानंतर लोहारकाम करणाऱ्यांचा, विणकरांचा, व्यापाऱ्यांचा अशा निरनिराळ्या संघांचे ध्वजधारक एकेक करून व्यासपीठावर येतात आणि वाद्यांच्या सुरावर फ्लेचरची ती खूण ठरावीक पद्धतीने करतात. माजी सैनिकांचाही ध्वज असतो. गाव सोडून जगभर गेलेल्यांचा स्वतंत्र ध्वज असतो, ही गोष्ट मला विशेष वाटते. पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या सोलापूरकरांनाही यात्रेत आपली जागा असावी असे वाटते, हे आपण जाणताच. शेवटी सारा चौक शांत होतो आणि फ्लॉडनच्या मृतांसाठीची जुनी शोकधून वाजते.

मानाबद्दल सांगायचे, तर आपल्याकडे पहिल्या नंदीध्वजाचा मान हिरेहब्बू घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आला आहे. सेल्कर्कमध्ये गावाच्या ध्वजाचा मान कोणत्याही घराण्याचा नसतो. गावातील एका अविवाहित तरुणाची एका वर्षासाठी निवड होते, आणि निवड होण्याआधी त्याने आधीच्या ध्वजधारकांचा साहाय्यक म्हणून काही वर्षे काम केलेले असते. संघांचे ध्वज मात्र त्या त्या संघाकडेच राहतात. व्यक्ती बदलतात, जबाबदारीच्या जागा बदलत नाहीत. गड्ड्याच्या यात्रेचीही घडी अनेक समाजांत वाटून दिलेल्या मानांमुळेच टिकली आहे, आणि या दोन सोहळ्यांतील खरे साम्य मला तेथे दिसते.

प्रश्न : ती सामाईक जमीन आज कोणाच्या मालकीची आहे? आमच्या तालुक्यातील गायराने कागदावर मोठी आणि प्रत्यक्षात आक्रसलेली दिसतात, म्हणून विचारतो. (एक वकील, मोहोळ)

उत्तर : वकीलसाहेब, ज्या गावाची जमीन गेली त्या गावाची घोड्यांची फेरी केवळ करमणूक होऊन राहते. म्हणून आपल्या प्रश्नाला मी इतर सर्व प्रश्नांपेक्षा अधिक महत्त्व देतो.

स्कॉटलंडमध्ये जुन्या बर्गांच्या सामाईक मालमत्तेला ‘कॉमन गुड’ म्हणतात. १४९१ च्या कायद्याने असे ठरवून दिले की या मालमत्तेचे उत्पन्न गावाच्या सामाईक हितासाठीच राखले जावे. पाच शतकांहून जुना हा कायदा आजही वकिली युक्तिवादात उद्धृत होतो. अर्थात कायदा असूनही पुष्कळ गावांच्या पुष्कळ जमिनी गेल्या. कधी नगरपरिषदेतल्याच बड्या लोकांनी त्या स्वस्तात आपल्या नावावर करून घेतल्या, तर कधी आजूबाजूच्या जमीनदारांनी वाटणीचे दावे लावून त्या तोडून घेतल्या. १९७५ मध्ये स्थानिक शासनाची पुनर्रचना झाली, तेव्हा सेल्कर्कसारख्या लहान गावांच्या स्वतंत्र नगरपरिषदाच बरखास्त झाल्या आणि मालमत्ता मोठ्या परिषदांकडे गेली. १९९६ पासून ती स्कॉटिश बॉर्डर्स परिषदेकडे आहे. तरीही कॉमन गुडचा हिशेब गावागावाचा वेगळा ठेवावा लागतो. सेल्कर्कच्या निधीत आजही शेतजमीन आहे, तिचा खंड येतो आणि त्यातून गावातील संस्थांना मदत मिळते. २०१५ च्या लोकसमुदाय सक्षमीकरण कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले : प्रत्येक परिषदेने कॉमन गुड मालमत्तेची नोंदवही तयार करून प्रसिद्ध केलीच पाहिजे आणि त्यातील काही विकण्यापूर्वी किंवा तिचा वापर बदलण्यापूर्वी स्थानिक लोकांचे म्हणणे मागवले पाहिजे.

आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये जिल्हाधिकारी गायरानासाठी जमीन राखून ठेवतात, आणि २०११ मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले, हे आपणास माहीत आहेच. कायद्याचा आधार आपल्याकडे कमी नाही. आपल्याकडे नसते ती वर्षातून एकदा सगळ्या गावाने मिळून शीव पाहण्याची सवय. मेंढपाळ रोज त्या वाटेने जातात, त्यांना कोठे किती कुंपण सरकले हे पाठ असते; परंतु त्यांची साक्ष ग्रामसभेपर्यंत क्वचितच पोहोचते. ज्या जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा आहे आणि शेळ्यामेंढ्यांवर हजारो घरे चालतात, त्या जिल्ह्यात ग्रामसभेने दरवर्षी एक दिवस गायरानाची शीव पायी फिरून पाहावी आणि तिचा अहवाल फलकावर लावावा, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी घोडे लागत नाहीत.

प्रश्न : माझे वडील जुन्या गिरणीत होते आणि मी यंत्रमागावर टॉवेल काढतो. सेल्कर्कच्या गिरण्यांचे पुढे काय झाले? (एक कारखानदार, अक्कलकोट रस्ता)

उत्तर : जुने सेल्कर्क टेकडीवर आणि गिरण्या खाली नदीकाठी, अशी त्या गावाची दोन मजली रचना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एट्रिकच्या पाण्याच्या जोरावर यंत्रे चालवता येतात म्हणून गिरण्या नदीकाठी उभ्या राहिल्या. १८५६ मध्ये रेल्वेचा फाटा आला, त्याने कोळसा आणला आणि ट्वीडचे, म्हणजे जाड लोकरी, कापड बाहेर नेले. सीमाभागातील या कापडाला अमेरिकेत मोठे गिऱ्हाईक होते; १८९० मध्ये अमेरिकेने मॅकिन्ली कायद्याने आयातकर वाढवला तेव्हा गॅलाशिल्स, सेल्कर्क, हॉइक या गावांना त्याचा जबर फटका बसला. विसाव्या शतकात जड लोकरी सुटांची चाल कमी होत गेली, कृत्रिम धागा आला, स्वस्त आयात वाढली आणि एकामागून एक गिरण्यांची धुराडी थंड झाली. रेल्वेची प्रवासी वाहतूक १९५१ मध्ये बंद झाली. मधल्या काळात इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनी बराच रोजगार दिला, पण तोही विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर गेला. एका मालावर, एका गिऱ्हाइकावर किंवा बाहेरच्या एका मोठ्या कंपनीवर सारे गाव अवलंबून असले की काय होते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

तरी विणकाम संपले नाही. सेल्कर्कमध्ये लॉकॅरन ही गिरणी आजही टार्टन, म्हणजे रंगीत चौकटींचे स्कॉटिश लोकरी कापड, विणते. टार्टनची प्रत्येक चौकट कोणत्या रंगाचे किती धागे कोणत्या क्रमाने येतात त्यावर ठरते, आणि एखाद्या घराण्यासाठी, पलटणीसाठी किंवा संस्थेसाठी थोडेच वार कापड काढून देण्याची तयारी असणे हेच अशा गिरणीचे बळ असते. स्कॉटलंडच्या संसदेने २००८ मध्ये कायदा करून टार्टनची अधिकृत नोंदवही सुरू केली. तेथे नव्या नमुन्याची नोंद होते आणि जुने नमुने सर्वांना पाहता येतात. याहून कडक व्यवस्था हॅरिस ट्वीडची आहे : १९९३ च्या कायद्यानुसार ते कापड बाह्य हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेल्या व कातलेल्या लोकरीचे, तेथील विणकरांनी स्वतःच्या घरी हाताने विणलेले असले पाहिजे. सीमाभागातल्या ट्वीडला असे कायद्याचे कवच कधीच मिळाले नाही, आणि माझ्या मते त्याची किंमत त्या गावांनी मोजली.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. परंतु मानांकन मिळवणे आणि ते बाजारात रोज राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. हॅरिसच्या प्रत्येक अस्सल कापडावर तपासणीनंतर गोलकाची आणि क्रॉसची मुद्रा मारली जाते, त्या मुद्रेमागे स्वतंत्र प्राधिकरण उभे आहे आणि नक्कल करणाऱ्याविरुद्ध ते न्यायालयात जाते. दुसऱ्या गावात निघालेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जात असताना येथील उत्पादकांनी अशी तपासणी आणि असा पाठपुरावा एकत्र येऊन उभा केला, तर आपल्या जेकॉर्डच्या नक्षीला तिचा खरा भाव मिळू शकेल. आपल्यासारख्या दुसऱ्या पिढीच्या कारखानदारांनी यात पुढाकार घ्यावा, ही विनंती.

प्रश्न : तिथले लोक काय खातात? सेल्कर्कचा स्वतःचा एखादा पदार्थ आहे का? (अकरावीतील एक विद्यार्थी, विजापूर रस्ता)

उत्तर : आहे. सेल्कर्क बॅनक नावाचा जाडसर, गोल, बेदाणे घातलेला लोणीदार गोड पाव तुला तेथील प्रत्येक बेकरीत मिळेल. १८५९ मध्ये रॉबी डग्लस या बेकरीवाल्याने बाजारचौकातल्या आपल्या दुकानात तो विकायला सुरुवात केली. त्याआधीचे जुने बॅनक म्हणजे सातूच्या किंवा ओटच्या पिठाची तव्यावर भाजलेली साधी भाकर. थंड, ओल्या जमिनीत गव्हापेक्षा ही धान्ये अधिक भरवशाने येतात, जसे आपल्या कोरड्या काळ्या रानात शाळूचे पीक येते.

प्रश्न : त्या गावचे लोक स्वतःला मोची म्हणवून घेतात असे मी वाचले. हे खरे आहे का, आणि त्यामागे काय आहे? (चर्मकार समाजातील एक कार्यकर्ता, लष्कर)

उत्तर : खरे आहे. सेल्कर्कचा रहिवासी, मग तो शिक्षक असो वा डॉक्टर, स्वतःला ‘सूटर’ म्हणवतो, म्हणजे जोडे शिवणारा. विणकामाच्या आधी हे गाव जोड्यांसाठी प्रसिद्ध होते. १७४५ मध्ये पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या जॅकोबाइट उठावात त्या घराण्यातील राजपुत्र चार्ल्सच्या सैन्यासाठी येथून दोन हजार जोड मागवण्यात आले होते. गावाचे मानद नागरिकत्व देण्याचा विधीही त्याच व्यवसायातून आला आहे. मोची ज्या रानडुकराच्या राठ केसांनी दोऱ्याचे टोक कातड्यातून ओवत असत, त्या केसांची जुडी दारूत बुडवून नव्या नागरिकाने ओठांतून फिरवायची. त्याशिवाय तो सूटर होत नाही. गावाला भेट देणाऱ्या बड्या पाहुण्यांनीही हा विधी केला आहे.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, तरी तिची आपल्याशी सरळ तुलना करताना सावध राहिले पाहिजे. तेथे जोडे शिवणाऱ्याच्या मुलाला दुसरा धंदा धरण्यास जन्माची आडकाठी नव्हती आणि त्याला कोणी पाणवठ्यावरून हाकलले नव्हते. आपल्याकडे त्याच कौशल्याबरोबर शतकांचा अपमान चिकटवला गेला. म्हणून आपल्या समाजाने तो व्यवसाय अभिमानाने मिरवावा असा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. एवढे मात्र म्हणेन की ज्या गावाचा सर्वोच्च नागरी सन्मान मोच्याच्या अवजाराला ओठ लावल्याशिवाय मिळत नाही, त्या गावाने कष्टाला कोणती जागा दिली आहे हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे.

प्रश्न : या घोडदौडीत स्त्रिया असतात का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : सेल्कर्कमध्ये स्त्रिया घोड्यावरून फेरीत असतात, गावाचा ध्वजधारक मात्र तरुण पुरुषच असतो. शेजारच्या हॉइक गावात १९९६ मध्ये दोन स्त्रियांनी फेरीत सामील होण्याचा प्रयत्न केला, तेव्हा गाव अक्षरशः दुभंगले, प्रकरण न्यायालयात गेले आणि पुढे तेथेही स्त्रियांसाठी मार्ग मोकळा झाला. जमीन जर सर्वांची, तर तिची शीव पाहण्याचा अधिकारही सर्वांचा असला पाहिजे. त्या वादात मला हीच बाजू न्याय्य वाटते, आणि ध्वजाबाबतही कधी तरी हा विचार करावा लागेल.

प्रश्न : माझ्या मुलीला गॅलाशिल्स येथे वस्त्ररचनेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. ते सेल्कर्कच्या जवळ आहे असे कळले. इतक्या लहान गावी तिचे कसे होईल, ही चिंता आहे. (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, तिने निवडलेली जागा चांगली आहे. हेरियट-वॉट विद्यापीठाचा वस्त्र आणि रचना विभाग गॅलाशिल्सला आहे, आणि त्याचे मूळ तेथील लोकर गिरण्यांसाठी काढलेल्या तांत्रिक महाविद्यालयात आहे. सेल्कर्क तेथून सुमारे दहा किलोमीटरवर आहे आणि बस आहे. गॅलाशिल्सहून एडिंबऱ्याला जाणारी रेल्वे १९६९ मध्ये बंद झाली होती. स्थानिक लोकांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर ती सप्टेंबर २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यामुळे मोठे शहर आता तासाभरावर आले आहे.

खरी कसोटी हिवाळ्याची असते. डिसेंबरअखेर दिवस जेमतेम सात तासांचा असतो, दुपारी पावणेचारलाच सूर्य मावळतो आणि सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या मुलीला हा अंधार थंडीपेक्षा जास्त जाणवतो. दिवसा उजेडात रोज थोडे बाहेर चालण्याची सवय तिने पहिल्याच महिन्यात लावून घ्यावी. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही माळरान आणि डोंगरावरून चालण्याचा हक्क दिला आहे. मेंढ्यांच्या रानातून जाताना फाटक जसे असेल तसे ठेवणे आणि पिकात न शिरणे एवढे पाळले की पुरे. पोहोचल्याबरोबर जवळच्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवावे. तेथील बोली शाळेत शिकलेल्या इंग्रजीपेक्षा बरीच वेगळी वाटेल, आणि पुन्हा सांगा असे म्हटल्यास कोणी रागावत नाही.

लहान गावात माणूस एकटा पडतो तो कार्यक्रमांपासून दूर राहिल्यामुळे. गॅलाशिल्सचा स्वतःचा ब्रॉ लॅड्स सोहळा १९३० पासून जूनच्या उत्तरार्धात होतो, आणि सात खेळाडूंच्या रग्बीचा जन्म १८८३ मध्ये शेजारच्या मेलरोझ येथे झाला, त्यामुळे वसंतात तेथे सामन्यांची रेलचेल असते. अशा ठिकाणी चहा देणे, खुर्च्या मांडणे यांसारख्या कामांना नेहमीच हात कमी पडतात, आणि काम मागणाऱ्या परक्या मुलीला गाव लवकर आपले म्हणते. उन्हाळी सुटीत घरी येण्याचे तिकीट काढण्यापूर्वी तिने सेल्कर्कच्या फेरीची तारीख जरूर पाहावी. कार्यक्रम पहाटेच सुरू होत असल्यामुळे आदल्या रात्री तेथे एखाद्या मैत्रिणीकडे मुक्काम करणे अधिक सोयीचे होईल.